पाहुणीच्या काड्या

जपानात, सेंदाईतल्या त्या घरात सकाळ व्हायची ती लाकडी दारांच्या आवाजानं. कियो-सान पहाटे उठून बाहेरची सरकती दारं एकामागून एक ढकलत जायच्या, मग गॅसवरची किटली, मग रेडिओवरच्या कवायतीचा पियानो, आणि सगळ्यात शेवटी देव्हाऱ्यातल्या छोट्या घंटेचा एकच टोल. तो देव्हारा देवांचा नव्हता, घरातल्या गेलेल्या माणसांचा होता. मधोमध त्यांच्या वडिलांचा फोटो. चेहरा असा की आता कुणाला तरी रागावणार. ते तातामी विणायचे, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड गवती चटया. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, दुकानही बंद झालं होतं, पण पावसाळी हवेत घराला अजून वाळल्या गवताचा वास सुटायचा. आमच्याकडे कडब्याच्या गंजीला टेकून बसलं की असाच वास येतो. तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्या वासानं मला रडवलं, आणि नंतर त्यानंच झोपवलं.

कियो-सान एकट्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. सत्तरीला टेकल्या होत्या, तरी जिना माझ्यापेक्षा झपझप चढायच्या. वरची खोली त्या विद्यापीठातल्या मुलींना भाड्यानं द्यायच्या आणि त्या वर्षांत ती माझ्याकडे होती. माझं नाव वंदना. त्यांच्या जिभेवर 'व' बसत नसे म्हणून त्या मला बंदाना-सान म्हणत आणि डोक्याला रुमाल बांधायचा अभिनय करून स्वतःच हसत. मी मासे खात नाही, हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "डॉक्टरांनी बंद केलेत का?" मी नाही म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या दोघींचंही सूप माशाच्या पाण्याऐवजी समुद्रातल्या वाळल्या पाल्याच्या पाण्यात होऊ लागलं. याबद्दल त्या मला कधीही काही बोलल्या नाहीत. मासेवालाच एकदा रस्त्यात म्हणाला, "तुमच्यामुळे माझं एक गिऱ्हाईक अर्धं झालं हो."

माझे वडील मंगळवेढ्यात पिठाची गिरणी चालवत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे कुणी माझ्यासाठी काही केलं की मला आनंदाआधी संकोच व्हायचा, आपण हे फेडणार कसं असं वाटायचं. कियो-सानच्या घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या मला बाजारात घेऊन गेल्या आणि एका भांड्याच्या दुकानात म्हणाल्या, "निवडा." जपानी घरात भाताचा वाडगा आणि जेवायच्या काड्या ज्याच्या त्याच्या असतात. दुसरं कुणी त्यात जेवत नाही. पाहुण्याला वेगळा वाडगा आणि कागदात गुंडाळलेल्या, एकदा वापरून टाकायच्या काड्या. आमच्याकडे भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं, जेवणाऱ्याचं नव्हे. मी सगळ्यात स्वस्त वाडगा उचलला. कियो-सानांनी तो माझ्या हातातून काढून परत ठेवला. "रोज हातात धरायचाय. नीट बघून घ्या." शेवटी मी फिकट हिरवा, कडेला दोन पानं काढलेला घेतला. त्या संध्याकाळपासून फडताळात त्यांच्या वाडग्याशेजारी माझा वाडगा पालथा असायचा. मी घरी फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुझं पान मांडलं म्हण की तिथं!"

मग तो भूकंप झाला. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहिणार नाही. आमचं घर उभं राहिलं, कौलं घसरली, गॅस आणि पाणी गेलं, बर्फ पडत होता. किनाऱ्याकडच्या त्सुनामीची बातमी हळूहळू आली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वडिलांचा फोन लागला. कधी आवाज न चढवणारा माणूस, त्या दिवशी ओरडून म्हणाला, "असशील तशी नीघ!" विद्यापीठानं परदेशी मुलांसाठी डोंगरापलीकडे बस सोडली होती. कियो-सान पाण्याच्या रांगेतून दोन कॅन घेऊन आल्या तेव्हा मी पायात बूट घालत होते. त्यांनी घाईनं भाताचे तीन गोळे वळून माझ्या पिशवीत ठेवले. तो भात त्यांच्या दिवसभराचा होता, हे मला बसमध्ये बसल्यावर उमगलं. दीड-दोन महिन्यांनी, गॅस आल्यावर, गाड्या सुरू झाल्यावर मी परत आले, हातात सोलापुरी चादर आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन, एखाद्या सहलीवरून आल्यासारखी. गल्लीतल्या बायका वाकून "आलात, बरं झालं" म्हणाल्या आणि मला त्यांच्याकडे वर मान करून बघवेना. घरात फडताळात माझा वाडगा होता तिथंच होता. इतक्या धक्क्यांत कियो-सानांचा स्वतःचा वाडगा फुटला होता. माझा त्यांनी पहिल्याच दिवशी टॉवेलात गुंडाळून खाली काढून ठेवला होता. त्या मला एक शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्या शरदात एका संध्याकाळी आम्ही दोघी ओसरीवर पर्सिमन सोलत बसलो होतो. पर्सिमन म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं एक फळ, ते सोलून दोरीला बांधून वाळवतात. कियो-सान साल न तोडता सोलत म्हणाल्या, "रविवारी माझी थोरली बहीण येतेय. अमेरिकेहून. तिकडे पुढारी आहे." गॅसवाला येणार आहे असं सांगावं, तसं सांगितलं. दोन वर्षांत मी या बहिणीचं नावही ऐकलं नव्हतं. "तिच्याबरोबर एक अमेरिकन बाई आहेत, त्यांना जपानी येत नाही. तुम्हाला वेळ असेल तर बोलणं इकडचं तिकडे कराल का?" मला वेळ होता का! त्या घराचं काहीतरी फेडायची संधी मला मिळत होती.

मी रात्रीचं जेवण उरकून लॅपटॉप उघडला आणि या बहिणीची, मित्सुए-सानची, हकिकत वाचत बसले. युद्धानंतर त्या अमेरिकन छावणीच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. तिथल्या एका शिपायाशी लग्न करून बोटीनं गेल्या, ते थेट लाकूडतोड्यांच्या एका लहानशा गावात. मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात उभ्यानं काम केलं. मुलींच्या पहिलीच्या पुस्तकांतून इंग्रजी शिकल्या. शाळेत ज्या मुलांनी डबा आणलेला नसे त्यांना जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात बसवून ठेवत. हे कळल्यावर त्या शाळेच्या मंडळाच्या सभेत जाऊन उभ्या राहिल्या आणि मोडक्या इंग्रजीत बोलल्या. लोक हसले. पुढच्या वेळी त्या मंडळाच्या निवडणुकीलाच उभ्या राहिल्या. मग गावच्या नगराध्यक्ष, तिथली पहिली बाई. मग राज्याच्या विधानसभेत, एकदा पडल्या, परत निवडून आल्या, आणि राज्यातल्या शाळांत सगळ्या मुलांना फुकट जेवण देणारा कायदा करून घेतला. पायी दारोदार फिरून मतं मागायच्या. एका दारात एकानं तोंडावर "तुझ्या देशात जा" म्हटलं, तर त्याच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "पाय दुखतात, जरा बसते, मग जाते. पुढच्या घरी." मी ते वाचून एकटीच हसले. धुलाईखान्यातली मुलगी, कुठल्या कॉलेजात न गेलेली! मला वाटलं, अशी बाई आपल्याच घरात जेवायला येणार. माझ्या डोक्यात तेव्हा तोरणं लागली होती.

रविवारी दारात दोघी उभ्या राहिल्या. मित्सुए-सान ऐंशीच्या आसपासच्या, बुटक्या, केस अगदी आखूड कापलेले, अंगात लाल कोट. शेजारी कॅरल, पन्नाशीची उंच बाई, वीस वर्षं त्यांच्या कार्यालयात काम केलेली, आता त्या निवृत्त झाल्यावर त्यांचं चरित्र लिहीत असलेली. जपानात घरचं माणूस दार उघडून "आले" म्हणतं आणि परकं माणूस "माफ करा, येऊ का" म्हणतं. मित्सुए-साननी दाराच्या चौकटीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "माफ करा, येऊ का." कियो-सान गुडघ्यांवर बसून, कपाळ जवळजवळ जमिनीला लावून म्हणाल्या, "इतक्या लांबून आलात. घर गैरसोयीचं आहे, सांभाळून घ्या." कॅरल माझ्या कानात म्हणाली, "किती सुंदर स्वागत!" मलाही तेव्हा ते सुंदरच वाटलं.

जेवण कियो-सानांनी दोन दिवस खपून केलं होतं. अळकुड्यांचा रस्सा, भाजलेला मासा, माझ्यासाठी वेगळं टोफू, हिरव्या सोयाबीनच्या गोड वाटणातले मोची म्हणजे तांदळाचे मऊ गोळे, आणि नव्या तांदळाचा भात. मी पानं मांडायला मदत करत होते. कियो-सानांसमोर त्यांचा नवा वाडगा, माझ्यासमोर माझा. आणि मित्सुए-सानसमोर, कॅरलसमोर ठेवला तसाच, पाहुण्यांचा पांढरा वाडगा आणि कागदात गुंडाळलेल्या काड्या.

मला ते बघवेना. आमच्याकडे माहेरवाशीण साठ वर्षांनी आली तर तिला पाटावर बसवतील की पाहुण्यांच्या रांगेत? मला वाटलं, कियो-सान घाईत चुकल्या असतील. आणि मी ते केलं, जे आमच्याकडची कुठलीही बाई करेल. आग्रह केला. "कियो-सान, ह्या तर घरच्या आहेत! ह्यांना पाहुण्यांचं काय देता? ह्यांचा वाडगा कुठाय, मी आणते." कियो-सान मान खाली घालून रस्सा वाढत राहिल्या. तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण आमच्याकडे पहिल्यांदा नाही म्हणणं म्हणजे नाही नसतं. मी माझा हिरवा वाडगा उचलून मित्सुए-सानसमोर सरकवला. "नाहीतर माझा घ्या. खरंच घ्या! मी पांढऱ्यात जेवीन."

मित्सुए-सानचे हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले. कियो-सान उठल्या. "बंदाना-सान, जरा आत येता का? भात काढायचाय." भात बाहेरच होता. आत, नळाखाली काहीतरी धुण्याचं निमित्त करून त्या माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलल्या. "आमच्याकडे माणूस मेलं की त्याचा वाडगा दारात फोडतात. परत यायचं नाही म्हणून. ती गेली त्या दिवशी बाबांनी तिचा फोडला. ती रस्त्याच्या वळणापर्यंतसुद्धा पोचली नव्हती. तिनं आवाज ऐकला. मी अकरा वर्षांची होते, तुकडे मी झाडले." मग नळ बंद करून म्हणाल्या, "चला. रस्सा गार होईल."

ज्या घरातून मी संकटात पळाले त्या घरानं माझा वाडगा टॉवेलात जपला होता, आणि त्या घरात जन्मलेल्या मुलीपुढे मी तो नाचवला होता. मी बाहेर येऊन बसले. माझा वाडगा परत माझ्यासमोर ठेवलेला होता. मित्सुए-साननीच ठेवला असणार. कॅरलला आमचं बोलणं समजलं नव्हतं, पण वाडग्यावरून काहीतरी चाललंय एवढं तिनं बघितलं होतं, आणि तिचा चेहरा उजळला होता.

"वाडगा!" ती कियो-सानांकडे बघत मला म्हणाली. "ह्यांना विचार ना, त्या दिवशी ह्या तिथं होत्या का? आमच्या राज्यातल्या पोरापोराला ती गोष्ट पाठ आहे."

"कॅरल," मित्सुए-सान इंग्रजीत म्हणाल्या, "जेवू दे आधी."

"एकच प्रश्न. ह्यासाठी तर आपण आलोय." आणि कॅरल मला सांगू लागली. मित्सुए-सान प्रत्येक प्रचारसभेत ती गोष्ट सांगायच्या. निघताना वडिलांनी दारात त्यांचा भाताचा वाडगा त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, मुली, तू जिथं जाशील तिथं हा भरलेला राहो, आणि दुसऱ्या कुणाचा रिकामा दिसला तर तुझ्यातलं अर्धं त्याला दे. जेवणाचा कायदा मांडला तेव्हाही विधानसभेत त्यांनी हेच सांगितलं होतं. तो वाडगा त्यांच्या जुन्या कार्यालयात काचेच्या पेटीत आहे. "ह्यांना वडिलांचे शब्द आठवतात का, एवढंच विचार."

मी शाळेत पहिली येणारी मुलगी. विचारलेला प्रश्न पूर्ण सोडवायचा, काही गाळायचं नाही, एवढंच मला येत होतं. आज मी म्हणेन की काहीतरी थातुरमातुर बोलून वेळ मारून न्यायला हवी होती. त्या दिवशी मी सगळं सांगितलं. दार, वाडगा, आशीर्वाद, विधानसभा, काचेची पेटी. बोलताना मी चटईकडे बघत होते. मित्सुए-सानना जपानी कळत होतंच. आपली गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच त्या भाषेत, त्या घरात, आणि ते तुकडे झाडणाऱ्या बहिणीच्या समोर ऐकली. जिनं पायरीवर बसून चहा पिऊन माणसाला जिंकलं होतं ती बाई लाल कोटाच्या गुंड्या एकेक करून लावत होती, निघायची तयारी करावी तशी.

कियो-सानांनी काड्या खाली ठेवल्या. मग त्या कॅरलकडे वळून, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "हो. मी तिथंच होते. दिला वाडगा."

मी भाषांतर केलं. कॅरलचे डोळे भरून आले. तिनं कियो-सानांचा हात धरला, आणि मग, आपण ह्या दोघींना जरा एकटं सोडावं अशा समजूतदारपणानं, कॅमेरा घेऊन अंगणात गेली. मीही उठत होते, पण कियो-सान म्हणाल्या, "बसा."

"का सांगितलंस असं?" मित्सुए-साननी विचारलं. त्यांचं जपानी घर सोडलेल्या पोरीचंच राहिलं होतं, जाड, सेंदाईच्या जुन्या गल्लीतलं.

"तुझ्यासाठी नाही सांगितलं." दुपारभर कियो-सान बहिणीशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलत होत्या, तो सूर आता गेला होता. "तिकडे इतक्या लोकांत बाबा चांगले आहेत ना? राहू देत. इथं त्यांना चांगलं म्हणणारं कुणी उरलं नाही."

"त्या पेटीतला वाडगा मी सॅन फ्रान्सिस्कोत घेतला."

"ते आलंच लक्षात. बाबांनी बायकांच्या हातात कधी काही ठेवलं?" कियो-सान उठल्या, देव्हाऱ्याच्या खोलीचं दार सरकवलं. "त्यांना सांगितलंयस का कधी? त्यांच्या नावावर तू काय खपवतेस ते? ये. सांग."

मित्सुए-सान फोटोसमोर बसल्या. उदबत्ती लावली, घंटा वाजवली, तोंड उघडलं आणि थांबल्या. चाळीस वर्षं हजारो लोकांपुढे केलेलं भाषण, पण ते सगळं इंग्रजीत होतं. एकदाही त्यांनी ते आपल्या भाषेत म्हटलं नव्हतं. त्यांना शब्दच येईनात. त्या वळून माझ्याकडे बघू लागल्या. एवढं लाजिरवाणं मला कधी वाटलं नाही. तिला तिच्या बापाशी बोलायला गिरणीवाल्याची मुलगी लागावी! त्या इंग्रजीत एक वाक्य म्हणत, मी पुस्तकी जपानीत ते फोटोला सांगे. मुली, तू जिथं जाशील तिथं हा भरलेला राहो.

"थांबा, थांबा," कियो-सान म्हणाल्या. "बाबा असं बोलायचे? हे तर शाळेच्या हेडमास्तरांसारखं झालं. आमचे बाबा आणि 'भरलेला राहो'!"

"मग कसं म्हणाले असते?" मित्सुए-सान म्हणाल्या.

कियो-सानांनी फोटोकडे बघितलं. हनुवटी आत ओढली, आणि कुठूनतरी खोलातून एक घोगरा, चिडका, पुरुषी आवाज काढला, त्या गल्लीतल्या बोलीत. "खा. समोरच्यालाही दे. उभी काय राहिलीस, दार लाव, थंडी येतेय."

मित्सुए-सानच्या तोंडातून हसू फुटलं आणि ते हसू नंतर हसू राहिलं नाही. त्या चटईवर पालथा हात टेकून वाकल्या. जराशानं त्यांनी ते शब्द हळूच, जसेच्या तसे, त्या बोलीत म्हणून बघितले. कियो-सानांनी त्यांचा एक उच्चार दुरुस्त केला. त्यांनी पुन्हा म्हटलं.

दारातून कॅरलनं डोकावून मला विचारलं, "काय म्हणताहेत त्या?" त्या दिवसात पहिल्यांदाच मी भाषांतर केलं नाही. म्हटलं, "घरातलं बोलणं आहे." मग माझ्या लक्षात आलं की मीही अजून आतच बसले आहे. मी उठले, बाहेर आले, आणि दार सरकवून बंद केलं.